विडीकाडीचा हिशेब

मराठीतील काही जोडशब्द वरवर निरुपद्रवी दिसतात, पण त्यांच्या आत समाजाची सारी खर्चव्यवस्था दडलेली असते. 'मीठमिरची', 'चहापाणी' आणि 'विडीकाडी' हे तीन शब्द एकाच जातकुळीचे. तिन्ही किरकोळ खर्चाचे नाव घेतात. तथापि व्यवहारातील त्यांचे स्थान एकसारखे नाही. मीठमिरची घरखर्चात मोडते, आणि ती संपल्याचा दोष बहुधा घरातल्या बाईकडे येतो. चहापाण्याने काळाच्या ओघात कचेऱ्यांमध्ये शिरकाव करून लाचेचे सौम्य नाव म्हणून प्रतिष्ठा मिळवली. विडीकाडी मात्र पुरुषाच्या खिशातच राहिली. 'विडीकाडीपुरते सुटतात' असे कष्टकरी माणूस म्हणतो, तेव्हा आपली कमाई सांगण्याजोगी नाही असे त्याला सुचवायचे असते. 'विडीकाडीला ठेवून बाकीचे घरी दिले' या वाक्यात तर हा खर्च घरखर्चाच्या आधी वजा होतो, आणि त्याचा जाब कोणी विचारायचा नाही असा एक अलिखित करारही त्यात असतो. ज्या खर्चाचा हिशेब ठेवायचा नाही असे भाषेनेच ठरवून टाकले, त्याचा हिशेब मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही दोघे सोलापुरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे. आमच्यापैकी एकाचे वडील येथील एका कापडगिरणीत साच्यावर कामाला होते आणि दिवसाला एक बंडल विड्या ओढत. दुसरीची आई घरी बसून विड्या वळत असे. घरची भाषा तेलुगू, शाळेची मराठी आणि दोन्ही भाषांना तंबाखूचा वास. एका घरात विडी जळत होती आणि दुसऱ्यात तयार होत होती. त्यामुळे गरिबी आणि धूम्रपान हा विषय निघाला की आम्हांला तो एकाच वेळी दोन दारांतून दिसतो. प्राध्यापकांच्या खोलीत या विषयावर होणारी चर्चा बहुधा एकाच दारातून आत डोकावत असते.

त्या चर्चेत एक गणित हमखास मांडले जाते. रोजचा इतका खर्च, महिन्याचा तितका, वर्षाचा त्याच्या बारापट. तेवढ्यात मुलाची फी भरली असती, घरावर पत्रे आले असते. हे गणित चुकीचे नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात रोज विडी ओढणाऱ्याचा त्यावरील सरासरी मासिक खर्च सुमारे २८४ रुपये होता, आणि रोज सिगारेट ओढणाऱ्याचा सुमारे १,१९२ रुपये. देशातील प्रौढांपैकी ७.७ टक्के विडी ओढत होते व ४ टक्के सिगारेट. महाराष्ट्रात धूम्रपान त्या मानाने पुष्कळच कमी, म्हणजे ३.८ टक्के, आपल्याकडचा गरीब माणूस तंबाखू ओढण्यापेक्षा चघळतो अधिक. परंतु आकडा लहान असला तरी प्रश्न लहान ठरत नाही. ज्याच्या हाती महिनाअखेर शंभराची नोटही उरत नाही, त्याच्या घरात २८४ रुपयांना मोठा अर्थ आहे. तेव्हा गणित बरोबर आहे. प्रश्न असा की, बेरीज बरोबर असूनही ज्याच्यासाठी ती मांडली त्याला ती का पटत नाही?

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या गणिताचे एक प्रसिद्ध उदाहरण ठाऊक असेल. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली 'बुक्स व्हर्सेस सिगारेट्स' या नावाचा एक छोटा निबंध लिहिला. पुस्तके आम्हांला परवडत नाहीत, असे काही कारखाना-कामगारांनी त्यांच्या एका संपादक मित्राला सांगितले होते. ऑर्वेल यांनी मग स्वतःचाच जमाखर्च काढला. वाचनावरील आपला खर्च वर्षाला सुमारे २५ पौंड आणि केवळ तंबाखूवरील ४० पौंडांच्या घरात, असे त्यांना आढळले. म्हणजे वाचन न होण्याचे कारण त्याचा खर्च हे नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष. निबंध सुरेख आहे आणि ऑर्वेल यांनी आधी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले म्हणून प्रामाणिकही आहे. तरी एक गोष्ट त्या हिशेबातून निसटते. वर्षाची बेरीज ज्याचे उत्पन्न वर्षभर टिकते त्याच्याच कामाची असते. पुस्तक आपली सारी किंमत एकदम मागते; तंबाखू ती तुकड्यातुकड्याने मागते. ज्याच्याकडे पैसा तुकड्यातुकड्यानेच येतो, त्याला यांतले काय परवडते हे सांगायला नको.

विडीचे अर्थशास्त्र या तुकड्यात आहे. बंडल परवडत नसेल तर पानटपरीवर चार सुट्या विड्या मिळत. दोन हव्या असतील तर दोनही मिळत. दूध, पुस्तक, विम्याचा हप्ता, डॉक्टरची फी यांपैकी कोणतीही वस्तू इतक्या सहजपणे गरिबाच्या खिशाच्या मापाने स्वतःला कापून देत नाही. काडीपेटीचेच पाहा. २००७ मध्ये तिची किंमत ५० पैशांवरून एक रुपया झाली आणि त्यानंतर थेट १ डिसेंबर २०२१ रोजी दोन रुपये. चौदा वर्षे एकाच किमतीला मिळालेली दुसरी वस्तू शोधून काढणे कठीण. गरिबाच्या बाजारात जे स्थिर राहिले, सुटे मिळाले आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत हाकेच्या अंतरावर राहिले, त्यात विडी व काडी या दोन्हींचा क्रमांक फार वरचा आहे.

ज्या वडिलांचा उल्लेख वर केला, त्यांना हिशेब येत नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांची विडी अर्धी झाली की ते ती चिमटीत विझवत आणि थोटूक कानामागे ठेवत. उरलेली अर्धी दुपारच्या सुट्टीत. एका विडीचे दोन भाग करून दिवसाला पुरवणारा माणूस काटकसरीच्या बाबतीत अडाणी कसा ठरेल? १९९० नंतरच्या दशकात गिरणी बंद पडली. थकलेली देणी कधी मिळणार हे कोणी सांगू शकेना. त्या काळात घरातले वर्तमानपत्र बंद झाले, बसचा प्रवास थांबला, दूध अर्ध्यावर आले. विड्या कमी झाल्या नाहीत, वाढल्या. कुटुंबातील मंडळींना त्याचा संताप येई, आणि तो रास्त होता. कामाच्या शोधात दिवसभर चालणाऱ्या त्या माणसाला विडीमुळे दुपारची भूक मारता येई, कोणाच्या तरी दारापाशी थांबायला निमित्त मिळे, आणि 'काडी आहे का' एवढ्या प्रश्नावर अनोळखी माणसाशी बोलता येई. बेकारीत माणसाचे बोलणेच आधी संपते. काम गेलेल्या माणसाला काम असलेल्यांच्या घोळक्यात उभे राहण्याची परवानगी देणारी तेवढी एकच वस्तू त्यांच्या खिशात उरली होती.

हे सांगण्यात विडीचे गौरवीकरण नाही. निकोटिनची लबाडी अशी की ते स्वतःच निर्माण केलेली तगमग शमवते आणि आपण ताण हलका केला असे श्रेय घेते. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण हे न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी होतात, असे त्यात आढळले. विडी पानाची म्हणून सौम्य, हा समजही निराधार आहे. तेंदूच्या पानातून हवा फारशी खेळत नाही. विडी विझू नये म्हणून वारंवार व जोराने झुरके घ्यावे लागतात, आणि धूर त्या प्रमाणात खोलवर जातो. तेव्हा मिळणारा विसावा खरा असला तरी तो उसना असतो. पण ज्याचे सगळेच उसने आहे, त्याला हा एक उसना विसावा तेवढा वेगळा काढून दाखवता येत नाही.

या संदर्भात मोहम्मद सियाहपुश व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्रिटन आणि अमेरिका या चार देशांतील धूम्रपान करणाऱ्यांची त्यांनी पाहणी केली. आर्थिक ताणाखाली असलेल्या माणसांत धूम्रपान सोडण्याची इच्छा इतरांपेक्षा अधिक आढळली. मात्र प्रयत्न करण्याचे आणि त्यात यशस्वी होण्याचे प्रमाण कमी आढळले. देश श्रीमंत, समाज वेगळा, तरी आमच्या गल्लीतील अनुभवाशी हे तंतोतंत जुळते. सोडायची इच्छा नसते म्हणून गरीब माणूस ओढतो, हे गृहीतकच इथे कोसळते. इच्छा आहे, पण तिला उभे राहायला जागा नाही. सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे चिडचिड, अनिद्रा आणि अस्वस्थता सहन करावी लागते. ज्याचे उद्याचे काम निश्चित नाही त्याने ते आठवडे कोठून आणायचे? तमिळनाडूतील ऊस-उत्पादकांवरील २०१३ चा एक अभ्यासही असाच बोलका आहे. कापणीआधी हात रिकामा असताना आणि कापणीनंतर पैसा हाती आल्यावर त्याच शेतकऱ्यांच्या आकलनाच्या चाचण्या घेतल्या गेल्या. कापणीआधी ते मागे पडले. ददातच माणसाचे लक्ष खाऊन टाकते, असा त्याचा अर्थ लावला गेला. निश्चयालाही शिल्लक लागते.

आता दुसरी बाजू. ओढणाऱ्याला समजून घेताना त्याच्या ताटातून कोणाचा घास गेला, हे विसरता येत नाही. रिजो जॉन यांनी २००८ साली भारतीय कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंबाखूवर खर्च करणाऱ्या घरांत दूध, शिक्षण, स्वच्छ इंधन आणि करमणूक यांवरचा खर्च कमी होतो, असे त्यांना दिसले. ही यादी पुन्हा वाचावी. दूध मुलाचे, शिक्षण मुलाचे, इंधन चुलीपाशी बसणाऱ्या बाईचे. नवऱ्याचा धूर बायको दोनदा घेते, एकदा त्याच्या विडीचा आणि दुसऱ्यांदा गॅसऐवजी पेटवलेल्या चुलीचा. २०११ मध्ये जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडला. तंबाखूवरील खर्च आणि तिच्यामुळे होणाऱ्या आजारांचा वैद्यकीय खर्च कुटुंबाच्या खर्चातून वजा केला, तर २००४-०५ साली भारतातील गरिबांची संख्या सुमारे दीड कोटीने वाढते. दारिद्र्यरेषेच्या वर दिसणारी ही माणसे केवळ कागदावर वर होती. विडीवर गेलेला पैसा सरकारी हिशेबात त्यांच्या 'राहणीमाना'त जमा झाला होता.

आणि जिथे विडी वळली जाते ते घर? मांडीवर सूप, त्यात चुरा तंबाखू, शेजारी भिजवून मऊ केलेली पाने, पत्र्याचे माप, कात्री आणि दोरा. हजार विड्यांमागे मजुरी. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आला, पण वळण्याचे काम मोठ्या प्रमाणात घराघरांत वाटले गेले, आणि घर म्हणजे कारखाना झाला की कामाचे तास कोणी मोजत नाही. दिलेली पाने खराब निघाली तर बदली पाने स्वतःच्या पैशांनी आणायची. जमा करताना नापास ठरलेल्या विड्यांची मजुरी नाही. ज्या आईने आयुष्यात एकही विडी ओढली नाही, तिच्या छातीत तंबाखूची धूळ मात्र वर्षानुवर्षे गेली. याच बायकांनी संघटनेच्या बळावर सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी करवून घेतली. २००६ साली तिचे हस्तांतर तत्कालीन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. सोलापूरच्या कामगार इतिहासात अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे.

आमच्यापैकी जी या घरातली, तिच्या माध्यमिक शिक्षणाला विडी कामगार कल्याण निधीची शिष्यवृत्ती मिळाली होती. १९७६ च्या कायद्याने हा निधी उभारला गेला आणि तो विड्यांवर आकारलेल्या उपकरातून भरला जाई. पुढे दोघे एकाच विभागात नोकरीला लागल्यावर एके दिवशी या उपकराचा विषय निघाला, आणि आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. ज्या वडिलांच्या विडीमुळे एका घरातले दूध अर्ध्यावर आले, त्यांच्या प्रत्येक बंडलातून अंशमात्र का होईना, पण काहीतरी दुसऱ्या घरातील मुलीच्या वह्यापुस्तकांकडे गेले असले पाहिजे. एका गरिबाचा धूर दुसऱ्या गरिबाचे शिक्षण. ही व्यवस्था कोणा दुष्टाने रचलेली नाही. सदिच्छेने केलेल्या कायद्यांतूनच ती सिद्ध झाली. म्हणून तर तिच्याकडे बोट दाखवणे अवघड जाते.

विडीवरील कराचा वाद याच पेचात अडकलेला आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा तो उपकर रद्द झाला. विडीवर २८ टक्के कर लागला, पण सिगारेटवर बसणारा भरपाई उपकर विडीला लावला गेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने विडीचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. विडी स्वस्त ठेवण्याचे समर्थन नेहमी कामगारांच्या नावाने होते. सरकारी नोंदींप्रमाणे देशात सुमारे ५० लाख विडी कामगार आहेत, बहुसंख्य स्त्रिया. तेव्हा हे समर्थन पोकळ म्हणता येत नाही. पण स्वस्त विडीने वळणारीची मजुरी वाढते असे मात्र आम्ही आमच्या गल्लीत कधी पाहिले नाही. दुसरीकडे, दर वाढवा, गरीब आपोआप सोडेल, असे म्हणणारे वरचा पेच नजरेआड करतात. दर वाढल्याने कित्येक जण सोडतात, हे खरेच. जे सोडू शकत नाहीत त्यांच्या घरातले उरलेले अर्धे दूधही मग जाते. करातून आलेला पैसा वळणारीला दुसरे काम आणि ओढणाऱ्याला सोडण्यासाठी आधार देण्याकडे वळवला, तरच तो कर न्याय्य ठरेल. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. सुटी विडी घेणाऱ्याच्या हाती पाकीट येत नाही, म्हणून त्यावरील चित्र येत नाही आणि २०१८ पासून छापला जाणारा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही येत नाही. ज्याला त्या क्रमांकाची सर्वांत अधिक गरज, त्याच्यापर्यंत तो सर्वांत उशिरा पोचतो.

मराठीच्या अध्यापकांनी यात काय करायचे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. आपल्या ग्रामीण आणि नागर वास्तववादी कथेत विडी पेटवणारा माणूस पदोपदी भेटतो. समीक्षेने त्या विडीला 'वातावरणनिर्मिती' या सदरात टाकून दिले. पात्राने झुरका घेतला की लेखकाने संवादात एक विराम साधला, एवढीच नोंद. त्या विडीचे पैसे कोठून आले, त्या दिवशी त्याने दुसरे काय घेतले नाही, ती कोणी वळली, हे प्रश्न कलाकृतीबाहेरचे मानले गेले. आम्ही अलीकडे पदव्युत्तर वर्गात हे प्रश्न विचारू लागलो आहोत. पहिल्यांदा मुले हसतात. मग एखादी मुलगी सांगते की तिची आजी अजून वळते. एखादा मुलगा वडिलांच्या खिशाविषयी बोलू लागतो, आणि मध्येच थांबतो. त्या थांबण्यात जो संकोच असतो तो विडीचा नसून, आपल्या घराचा हिशेब चारचौघांत मांडला गेल्याचा असतो. तो संकोच दूर करणे आम्हांला जमेलच असे नाही. ज्याचा हिशेब मांडला गेला तो माणूस मूर्ख नव्हता, एवढे तरी वर्गात उच्चारले गेले पाहिजे.

ते गिरणी-कामगार वडील अखेर विडीतून सुटले. डॉक्टरांनी तंबी दिली तेव्हा नव्हे, मुलाने भांडण काढले तेव्हाही नव्हे. एका संस्थेत शिपायाची नोकरी लागली, महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार येऊ लागला, उधारीची वही बंद झाली, आणि त्यानंतर वर्षभराने एका सकाळी त्यांनी विड्या आणल्या नाहीत. एका माणसावरून नियम बांधता येत नाही हे आम्ही जाणतो. त्यांना कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "आता जमंल असं वाटलं." त्याहून अधिक त्यांनी कधी काही सांगितले नाही.